लेकीसाठी पाहिलेली घळ

गावातली शेवटची बैलजोडी कापसाच्या गाडीला जुंपून तुम्ही निघता, तेव्हा मागे एखाद्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी यायची आहे का, हे कोणाला विचारता का?

मागल्या पौषात आमच्या गावात कोणी विचारले नाही. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या गाड्या अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर कापूस ओढत होत्या. माझी विधवा मावशी अकोल्याच्या उत्तरेला वांगी-मिरच्यांचा मळा करते. तिची एकुलती लेक सातपुड्यापलीकडे, निमाडात दिलेली. आम्हाला तो परमुलूखच; बोली वेगळी, माती वेगळी. लेकीची पहिली खेप होती आणि सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला आईने जाऊन लेकीला आणायचे, ही आमची रीत. पण रीतीला गाडी लागते. मावशीची जोडी तिच्या दिराने कापसाला नेली होती. ती गाडीसाठी चार गावे हिंडली, पार बाळापुरापर्यंत जाऊन आली. जो तो म्हणे, कापूस उरकू द्या, महिना-दीड महिन्याने या.

तेव्हा मी तोंड उघडले. मी अमरावतीच्या शाळेत शिकलेला, छापील पत्रके वाचून वाढलेला. माणसाने दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता आपल्या पायांवर चालावे, असे त्यात मी शंभरदा वाचले होते. गाडीरस्ता पहाडाला वळसा घालून जातो. पण हिवरखेडच्या वर नदीची घळ आहे, तिच्यातून पायवाट अर्ध्या दिवसात पलीकडे उतरते. मी म्हणालो, "आपण चालत जाऊ. येताना तिला मुक्काम करत, हळूहळू चालवत आणू."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "तुह्या कागदात पोटुशी बाई पहाड चढते काय रे?"

पण दुसरा उपाय तिलाही दिसत नव्हता. ओटीचे सामान आणि भाकरी फडक्यात बांधून आम्ही निघालो.

हिवरखेडला मुक्काम केला आणि उजाडताच घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आभाळाची पट्टी. थोडे गेल्यावर पायवाट उजवीकडे सागाच्या झाडीत चढत होती आणि नदीचे पात्र सरळ पुढे जात होते, वाळूचे, मोकळे. आम्ही पात्र धरले. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात पावसाळा सरला की नदी हाच रस्ता असतो. वाळूत गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. नदीतून जाऊ नये हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आले नाही.

वाळू लवकरच संपली. धोंडे लागले, आधी गुडघ्याएवढे, मग बैलाएवढे. माझ्या तेल पाजलेल्या वहाणा ओल्या दगडावर सुटू लागल्या, म्हणून काढून कमरेला बांधल्या. मावशी पुढे होती. ती धोंड्यावर चढायची, थांबायची आणि मागे वळून खाली बघायची.

"कावून थांबली?" मी विचारले.

"तिचा पाय इथं पुरंन का, ते पाहून राहिली."

प्रत्येक धोंड्यावर तिचे हेच चालले होते. स्वतःच्या पायांकडे तिचे लक्ष नव्हते. ती सबंध घळ लेकीच्या पायांनी चालत होती. दिवस बराच वर आला तेव्हा पात्र एका कड्याखाली संपले. समोर काळा डोह, तिन्ही बाजूंना उभा दगड. वर बांबू तोडणारा एक म्हातारा कोरकू आम्हाला बघून हसू लागला.

"इधर से तो मच्छी जाती है, बाई! आदमी का रस्ता पीछे छूट गया."

"मंग सकाळीच सांगाचं होतं ना, बाप्पा!" मावशी खालून ओरडली.

"सबेरे मैं उधर था. मेरे को क्या मालूम, काली मट्टीवाले आएँगे!"

मावशीलाही हसू आले. मला नाही आले. तेच धोंडे उतरून परत आलो. फाट्याशी पोचलो तेव्हा भाकरी खायचेही त्राण नव्हते. खाल्ली ती उभ्यानेच, कारण बसलो असतो तर उठलो नसतो.

खरी वाट चांगली असेल, ही माझी शेवटची आशा होती. ती वाटही कड्याच्या कुशीतून, एका माणसापुरती, पायाखालची खडी घसरणारी. एके ठिकाणी तर सागाचे मूळ दोन्ही हातांनी धरून अंग वर ओढून घ्यावे लागले. वर आल्यावर मावशी मटकन खाली बसली.

"इथून नाही, बाबू."

"दोघं दोन्हीकडून धरू. त्या म्हाताऱ्याला बोलावू. दोर लावू."

"माही पोर पाटी आहे काय, दोरानं उतरवाले?"

मला कळत होते की ती खरे बोलते आहे, आणि तरी मी तिच्यावरच चिडलो होतो. "मग आता पुढे जाऊन काय करायचं?"

"थे वाट पाहून राहिली असंन. तिले सांगाले तरी जा लागंन." ती उठली आणि चालू लागली.

दिवस मावळता मावळता पलीकडच्या गावात पोचलो. मावसबहीण दारातच उभी होती, गाठोडे बांधून. तिने आईला मिठी मारली आणि आमच्या मागे रस्त्याकडे पाहिले.

"गाडी कुठं सोडली, माय?"

मावशी ओट्यावर टेकली. बहिणीने पाण्याचा तांब्या आणला आणि आणल्यावर ओशाळली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही आईने घ्यायचे नाही, हे कोणाला माहीत नाही? या रीतीवरून मी मावशीशी कितीदा भांडलो होतो. ती कधी तसूभर हलली नव्हती. आता तिने तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला.

"विहीणबाई, पोर होये परेंत मी इथंच राहीन."

विहीण चपापली; त्यांच्या गावच्या गाड्याही कापसालाच गेल्या होत्या. "राहा ना. पण आमच्या गावचे लोक काय म्हणतील?"

"लोकायले म्हणा, गाडी आणून द्या. आत्ता घेऊन जाते लेकीले."

असल्या रीती मोडाव्यात, हे पत्रकांत वाचलेले माझ्या डोळ्यांसमोर घडले होते, आणि मला कणभर आनंद झाला नाही. मावशीने रीत मनाने मोडली नव्हती. आपण तिच्यापुढे दुसरे काही शिल्लक ठेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एकटा त्याच वाटेने परतलो. मोटेला बैल नव्हते, म्हणून दोन महिने घागरीने मळ्याला पाणी घातले. तरी निम्मा वाळला. फाल्गुनात बहीण सुखरूप बाळंत झाली, उशाशी आई होती. मावशी परत आली तेव्हा लेकीच्या घरचे पाणी प्यायली म्हणून तिला सगळ्यांत आधी बोलला तो तिचा दीर, जो तिची जोडी घेऊन गेला होता. मी त्याला काय सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

लिहिण्याजोगे आहे ते एवढेच. येत्या कार्तिकात वेचणी सुरू होण्याआधी तुमच्या चावडीवर चार माणसे बसवा आणि ठरवून टाका की कापसाचा भाव कितीही चढो, एक गाडी आणि एक जोडी गावात राहील, पाळीपाळीने. पहिली पाळी तुम्ही घ्या.