हात धुवून मागे लागलेली सासू

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास आमच्या जळकोटला दुष्काळ पडला आणि मला कावीळ झाली. टँकर दोन दिवसांआड यायचा. घरात चौघं: सासूबाई, हे, मी आणि आमची तीन वर्षांची लेक.

डॉक्टर म्हणाले, ही कावीळ पाण्यातून आणि हातातून पसरते. परसाकडून आलं की साबणानं हात धुवा, पाणी उकळून प्या, डोळे निवळले तरी काही दिवस स्वयंपाकाला हात लावू नका. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून खरोखरच हात धुवून माझ्या मागे लागल्या.

पिठाला शिवायचं नाही, माठात हात घालायचा नाही, लेकीला घास भरवायचा नाही. परसाकडून आले की दारातच उभं करून हातावर पाणी घालायच्या, नखंसुद्धा बघायच्या. मला लई राग यायचा. अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, वर हा जाच. लेक माझ्याकडं यायला रडायची, तर तिला उचलून बाहेर न्यायच्या. एकदा मी बोललेच, "मला काय विटाळ झालाय का?"

"हाव, तसंच समज," म्हणल्या आणि साबण पुढं केला.

एवढं पाणी येतं कुठून, हे मी विचारलंच नव्हतं. एका सकाळी दिसलं. ओल्या फडक्यानं अंग पुसून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्या पूजेला बसल्या होत्या. आंघोळीशिवाय कधी पूजा न केलेली बाई ती. मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

डोळे निवळल्यावर मी हट्टच धरला, आता तरी पोरीला माझ्या ताटात जेवू द्या. तेव्हा त्या माझ्यापाशी येऊन बसल्या.

"मला दोन पोरी होत्या," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा व्हायच्या आधीच्या. थोरलीला कावीळ झाली. एकानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुवून कावीळ उतरवली. पाणी पिवळंधमक झालं. मला वाटलं, गेली पीडा. त्याच दिवशी दोघींना एका ताटात जेवू घातलं. थोरली आठ दिवसांत गेली. धाकटीला मग महिन्यानं झाली, तीबी न्हाई राहिली."

त्यानंतर मी हट्ट सोडला. सांगतील तितक्या वेळा हात धुतले. सासूबाई रोज सकाळी लेकीला उजेडात नेऊन तिचे डोळे बघायच्या. दीड-दोन महिने बघितले. लेकीला काही झालं नाही.

मग एक दिवस त्यांनीच तिला आणून माझ्या मांडीवर बसवलं. मी त्यांना त्या दोघींची नावं विचारली. थोरलीचं मी पहिल्यांदाच ऐकलं. धाकटीचं मी रोज घेत होते. माझ्या लेकीच्या बारशाला नाव ठेवायला आत्या नव्हती, म्हणून ते सासूबाईंनीच ठेवलं होतं.