लव्हर्नने रिकामी केलेली खोली

म्हाताऱ्यांच्या वसाहतीत पाऊल टाकायचं नाही, असं आर्डिस आणि लव्हर्न या दोघी शेजारणींचं कधीचं ठरलेलं होतं. दोघी विधवा, दोघींची मुलं मॅनिटोवॉक गाव सोडून गेलेली. सकाळची कॉफी एकीच्या नाहीतर दुसरीच्या स्वयंपाकघरात व्हायची. "तिथं खुर्चीत बसून मरणाची वाट बघायची?" लव्हर्न म्हणायची, आणि आर्डिस होला हो मिळवायची.

मग एका हिवाळ्यात आर्डिस अंगणातल्या बर्फावर घसरली. खुबा मोडला. मुलाने तिला सरोवराकाठच्या वसाहतीत नेऊन ठेवलं.

सुरुवातीला ती नुसती रडली. मग शेजारच्या खोलीतल्या एल्मरने, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेल्या म्हाताऱ्याने, तिला घंटा वाजवणाऱ्या मंडळींत ओढलं. प्रत्येकाच्या हातात दोन पितळी घंटा, दोन सूर. आपली पाळी आली की मनगट हलवायचं. आर्डिस सारखी चुकायची. "बाई, तुमची घंटा मागच्या गाण्यातच राहिली," एल्मर म्हणायचा. सगळे हसायचे, तीही. शुक्रवारी तळलेले मासे, वर पत्ते. नवरा होता तेव्हाही तिच्या आयुष्यात इतकी माणसं नव्हती.

फोनवर मात्र यातलं ती लव्हर्नला काही सांगत नसे. सुरुवातीचं रडगाणंच पुढे चालू राहिलं. "सूप पाणचट. माणसं पेंगुळलेली. दिवस जाता जात नाही." तिकडे एकटीने कॉफी पिणाऱ्या बाईला, मी मजेत आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फोन ठेवला की तिला स्वतःची लाज वाटे, आणि तालमीला उशीर नको म्हणून ती लगबगीने निघे.

मे महिन्यात लव्हर्न न कळवता आली, रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन. तालीम ऐन रंगात होती. एल्मर काहीतरी बोलला आणि आर्डिस इतकी हसली की डोळे पुसावे लागले. पुसतानाच तिला दारात उभी असलेली लव्हर्न दिसली.

"बरीच पेंगुळलेली दिसतायत माणसं," लव्हर्न म्हणाली.

"अगं, बस ना."

"नको. मी तुला घरी न्यायला आले होते." केक टेबलावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आर्डिस वसाहतीच्या गाडीने तिच्याकडे गेली. लव्हर्नने दार उघडलं आणि कॉफी ओतली. हात धुवायला जाताना आर्डिसला शिवणाची खोली दिसली. शिलाईचं मशीन बाहेर बोळात होतं. आत पलंग, भिंतींना नवा पिवळा रंग. न्हाणीघरात धरून उठण्यासाठी दांडे ठोकलेले.

"हे कधी केलंस?"

"मार्चमध्ये. तू रोज रडत होतीस, मला झोप लागेना. शिवण काय, जेवणाच्या टेबलावरही होतं."

"मी खोटं बोलत होते, लव्हर्न."

"ते काल कळलं. का, ते सांग."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाटलं असतं. हेवाही वाटला असता. चार दिवस तुझा फोन घेतला नसता. पण मग घेतला असता की नाही? एवढंही ओळखलं नाहीस मला? वर मलाच तुझी कीव करायला लावलीस."

आर्डिसने कप खाली ठेवला. "चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

वसाहतीत राहायला लव्हर्न काही आली नाही. पण त्या उन्हाळ्यात ती अधूनमधून शुक्रवारी मासे खायला येऊ लागली. आर्डिस आता फोनवर खरं सांगते. चांगला गेलेला दिवस चांगला म्हणूनच सांगते. कधी पलीकडून नुसतं "बरं" येतं आणि मग शांतता. ती भरून काढायचा मोह आर्डिस आवरते.

परवा लव्हर्न पहिल्यांदाच पत्त्यांना बसली आणि एल्मरला हरवून म्हणाली, "टँकर तरी बरा चालवत होतात का हो?" सगळे हसले. आर्डिसने आधी तिच्याकडे पाहिलं.

"हस की. आता काय माझी परवानगी लागते?"

आर्डिस हसली. लव्हर्नला अंधारात गाडी चालवता येत नाही, म्हणून ती उजेडातच निघाली. शिवणाच्या खोलीतला तो पलंग अजून तिथेच आहे का, हे विचारायचं आर्डिसच्या ओठांवर आलं होतं. तिने फक्त गाडीचं दार लावून दिलं.