मशीनचा कौल

कॉम्प्युटर पहिल्यांदा डोळ्यांनी बघायच्या आधी चार वर्षं मी त्याच्यावरून भांडत होतो. आणि साधंसुधं नाही, चांगलं तावातावाने, चहा थंड होईपर्यंत. आज कुणी दोन तरुण कुठला फोन चांगला यावरून वाद घालताना दिसले की मी मुद्दाम जवळच्या बाकावर जाऊन बसतो. त्यांचा वाद मला फारसा कळत नाही. पण त्या आवाजात एक ओळखीची खाज असते, ती ऐकायला बरं वाटतं, आणि मग घरी येईपर्यंत जीव कुठेच लागत नाही.

समुद्रकाठच्या मिठबाव गावात मी गणिताचा मास्तर होतो. माझा भांडणारा गडी शेजारच्याच घरातला, लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात असलेला, आणि बोटीवर रेडिओ ऑफिसर. त्यांच्या घरात बापापासून सगळे समुद्रावरच गेलेले. हा नऊ-दहा महिने जगभर फिरायचा आणि मग सुट्टीवर यायचा तो दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत आईसाठी साबण, अत्तरं, नायलॉनच्या साड्या. दुसरीत, वरून कपडे घातलेले असले तरी, खाली नुसती कॉम्प्युटरची मासिकं. कुठल्या कुठल्या बंदरातून विकत घेतलेली, कुणाच्या तरी केबिनमधून उचललेली, पानं चिकटलेली, खाऱ्या वासाची. पहिल्या सुट्टीत त्याने ती माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "वाच रे मास्तरा, ह्या आता येतला."

मी वाचलं, आणि बिघडलो.

त्याचं म्हणणं छोट्या मशीनच्या बाजूने. घरातल्या टीव्हीला जोडायचं, रबरी बटणांचं, खिशात मावेल असं वाटणारं मशीन. बटण दाबलं की तयार. प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे, साध्या टेपरेकॉर्डरवरून चढवायचे. ऑपरेटिंग सिस्टिम नावाची भानगडच नको, असं तो म्हणायचा. आणि मी पक्का सीपीएमवाला. मला हवं होतं फ्लॉपी डिस्कवर चालणारं, खरंखुरं काम करणारं मशीन. त्यात आधी सीपीएम नावाची सिस्टिम चढते, आणि मग ती बाकीच्या प्रोग्रॅमना रांगेने बसवते. मला ही गोष्टच इतकी आवडली होती, की जणू ती सिस्टिम मीच लिहिली होती.

"सिस्टिम नाय तो कॉम्प्युटर म्हणजे नाखव्याशिवायची होडी," मी म्हणायचो.

"होडीच जर एवढीशी, तर नाखवो कित्याक? एकटोच वल्हवतलो मी."

"आणि कॅसेट? प्रोग्रॅम चढवताना अर्धो तास ती शिटी ऐकत बस, आणि शेवटाक चूक!"

"तुझी फ्लॉपी पावसाळ्यात बुरशी धरतली मेल्या. हय कपाटातल्या चपलांक बुरशी येता, ती काय फ्लॉपीक सोडतली?"

हा मुद्दा जबरदस्त होता. आमच्याकडचा पावसाळा आणि खारा वारा ह्यांचा विचार त्या मासिकांत कुणीच केलेला नव्हता. मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गेलो: फ्लॉप्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, लाकडी कोळशाच्या पुडीबरोबर ठेवायच्या. तो हसत सुटला. "फ्लॉपी बघलंस काय कधी?" नव्हती बघितली. त्याने निदान बंदरातल्या दुकानांच्या काचेतून मशीनं बघितली होती. माझी सगळी निष्ठा छापील होती.

ही भांडणं त्याच्या घराच्या पडवीत व्हायची, नाहीतर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून. त्याची आई, आम्हा सगळ्यांची काकी, मासे कापता कापता ऐकायची. तिला हे भांडण आवडत होतं, हे मला फार उशिरा कळलं. मुलगा भांडतोय तोवर तो घरात आहे, एवढा तिचा साधा हिशोब.

भांडणाखाली एक बेत होता, आणि त्यावर मात्र आमचं दोघांचं एकमत होतं. तो बोट सोडणार. मालवणात एक खोली घ्यायची, मशीन आणायचं आणि क्लास काढायचा. पाटीवर दोघांची नावं. तो हार्डवेअर शिकवणार, मी प्रोग्रॅमिंग. मी तर पहिला प्रोग्रॅमही कागदावर लिहून ठेवला होता, भरतीचा. आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही माहीत असतं की तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तेच गणित मी बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत मांडलं होतं. जे सगळ्या गावाला तोंडपाठ, ते मशीनकडून वदवून घ्यायची मला केवढी हौस! पण खरं सांगायचं तर क्लास, प्रोग्रॅम, पाटी ही सगळी निमित्तं. मला तो परत हवा होता. तो बोटीवर गेला की गावात माझ्याशी बोलणारं कुणी उरत नसे. स्टाफरूममध्ये सीपीएम म्हटलं की लोक मला तब्येतीबद्दल विचारायचे.

एका सुट्टीत त्याने सांगितलं की ही शेवटून दुसरी खेप. पुढच्या खेपेला येताना मशीन घेऊनच उतरणार, आणि मग कायमचा इथे. फक्त मशीन एकच आणता येईल. सामानाची मर्यादा, कस्टमची कटकट. तेव्हा ठरव, कुठलं?

झालं. एवढी वर्षं हौसेने चाललेलं भांडण एकदम खरं झालं. त्याने नवीन मुद्दा काढला: बंदरांतल्या ऑफिसांत आता सीपीएमही मागे पडतंय, डॉस नावाची सिस्टिम आलीय, दोन-चार वर्षांत तुझ्या सीपीएमचं नावही कुणी घेणार नाही. मग बुडत्या सिस्टिमवर कशाला बसायचं, त्यापेक्षा माझं छोटं मशीन बरं. मी भडकलो. तो भडकला. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे गेलो नाही. त्याची सुट्टी संपत आलेली, आणि दोन दिवस आम्ही फुकट घालवले. ते दोन दिवस मला अजून परत हवे आहेत.

शेवटी काकीच पदर खोचून माझ्या अंगणात आली.

"तुमी कित्याक भांडतास रे? मशीन तरी खंय आसा? देवाक कौल लावा आणि गप बसा."

आमच्याकडे विहीर खणायची तर कौल, लग्न जुळवायचं तर कौल, नवी होडी पाण्यात लोटायची तर कौल. तेव्हा यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. बीएस्सी झालेल्या मलाही नाही, आणि सात समुद्र बघितलेल्या त्यालाही नाही.

त्याच्या जाण्याच्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. मागून काकी आली, नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन. गुरवाने विचारलं, "कायचो कौल? लग्नाचो?"

"नाय. मशीनचो," तो म्हणाला.

"पंपाचो?"

"पंप नव्हे. ता सांगून तुका कळूचा नाय. दोन मशीनां आसत, त्यातला एक हाडूचा आसा."

दोनांतलं कुठलं आणायचं, गुरवाला तेवढं पुरलं. त्याने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे; जी आधी गळून पडेल तो देवाचा कौल. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. तेंका एक मशीन हाडूचा आसा. मास्तराच्या मनातला बरा आसात तर उजवी दी, बोटीवाल्याच्या मनातला बरा आसात तर डावी दी. काय तो निवाडो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. काकी सगळ्यांत मोठ्याने.

पाषाणाकडे टक लावून आम्ही उभे. एवढी वर्षं मेमरी किती, प्रोसेसर कुठला, डिस्क की कॅसेट यावर घसा कोरडा केलेले दोन शिकलेले पुरुष एका ओल्या पाकळीकडे बघत श्वास रोखून उभे होते. उजवी पडली.

"मेल्या, देवाक तू आदीच पढवन ठेवलंस!" तो म्हणाला आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मी इतका हसलो की गुरव चिडला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात काकी पुढे झाली. "माका पण एक विचारूचा आसा."

तिला काय विचारायचं होतं ते न सांगता कळत होतं. पण तिकडे रस्त्यावर मुंबईच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो म्हणाला, "गाडी चुकतली गो आये. पुढच्या खेपेक विचारूया." काकीने हातातला नारळ गुरवाकडे दिला आणि ती मागे सरली. आम्ही बॅगा उचलून धावलो. खिडकीतून तो ओरडला, "मास्तरा, डबो आणि कोळसो तयार ठेव!"

मशीन आलं. वर्षभराने, देवगडच्या एका खलाशाबरोबर. पेटीसारखं, वजनदार; झाकण काढलं की ते झाकणच कीबोर्ड, आत वीतभर पडदा आणि दोन फ्लॉपीच्या फटी. सीपीएमचं. मी त्या माणसाच्या मागे बघत राहिलो, रस्त्यावर अजून कुणी उतरतंय का म्हणून.

"सायब आता बोटीर नाय," खलाशी म्हणाला. "कंपनीच्या हापिसात लागले, थंय बंदरात. कॉम्प्युटर बसवतत तेचा सगळा तेच बघतत. थंयच रवतले म्हणान सांगल्यानी."

ज्या विद्येवर आम्ही मालवणात पाटी लावणार होतो, तीच त्याला तिकडे धरून बसली. त्याच्यावर रागावायला मला जागाच नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर मीही राहिलो असतो. आणि सीपीएम बुडणार हे त्याला पक्कं माहीत असून त्याने मला सीपीएमच पाठवलं, कारण देवासमोर तसं ठरलं होतं. हरलेल्या माणसाने इतकं प्रामाणिक असू नये. त्याने त्याचं रबरी बटणांचं मशीन पाठवलं असतं, तर मला पत्रातून तरी भांडता आलं असतं.

संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि पडद्यावरची अक्षरं आक्रसायची, म्हणून मी ते दुपारीच लावायचो. सिस्टिम चढायची, कोपऱ्यात कर्सर लुकलुकायचा, अगदी मासिकांत लिहिलं होतं तसंच. सगळं मी म्हणत होतो तसंच होतं. आणि ते म्हणायला समोर कुणी नव्हतं. कधी डिस्क अडखळली की मीच त्याच्या आवाजात म्हणायचो, "बघलंस?" आणि मीच डिस्क काढून परत घालायचो.

एके दुपारी काकी बघायला आली. कोळशाचा डबा बाजूला सारून ती स्टुलावर बसली आणि पेटीवरून हात फिरवून पाहिला, जसा मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या बॅगांवरून फिरवायची. तिला दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, भरतीचा प्रोग्रॅम. चतुर्थी होती. मी आकडा घातला, डिस्क घरघरली आणि पडद्यावर तीन वाजताची भरती उमटली. काकीने माडांतून समुद्राकडे बघितलं. पाणी पार वर, होड्यांपर्यंत आलेलं.

"बरोबर आसा," ती म्हणाली. मग पडद्याकडे बोट केलं. "आता तेका इचार, माझो झील कधी येतलो."

"तेका ता जमणा नाय, काकी."

ती रागावली नाही. मान हलवली, जसं काही मुलाचं येणं मशीनला सांगता येत नाही हे तिला ठाऊकच होतं.

"देवाचो काय दोष नाय रे. तुमी मशीन मागितलास, तेणी मशीन दिल्यान," ती म्हणाली, आणि पदर सावरून उठली. "माका देवळात तेवढा विचारूक दिला आसतास तर?"

मी तिला पायरीपर्यंत सोडायला गेलो. परत येऊन बघतो तर कर्सर तसाच लुकलुकत होता, पुढचा आकडा विचारत.