दोघांनी निवडलेला डाग

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्बिणीसाठी उद्याचा सौरडाग निवडत होतो. निवड पुरी केली आणि मगच उठलो. काम अर्धवट टाकून आलेलं त्यांना खपलं नसतं...

सॉल्ट लेकमधल्या आमच्या संस्थेत आम्ही दोघंच मराठी. बँकेतल्या वडिलांच्या बदलीबरोबर ताई शाळकरी वयात कोलकात्यात आल्या आणि इथल्याच झाल्या; बाकीच्या बंगाली सहकाऱ्यांच्या बसुधादी, माझ्या ताई. आमची दुर्बीण अवकाशात असली, तरी तिला एका वेळी सूर्याचा लहानसा तुकडाच दिसतो. उद्या कुठल्या डागाकडे बघायचं, ते आज दुपारीच कळवावं लागतं. अशा डागांवर अधूनमधून स्फोट होतात, तेच आम्हाला टिपायचे असतात; तो नेमका दुसऱ्याच डागावर झाला, की बसा हात चोळत! ताईंचा दंडक असा, की निवडीचं कारण आधीच शाईनं लिहायचं आणि निकालानंतर त्याला हात लावायचा नाही. "नंतर सगळेच शहाणे होतात रे," म्हणायच्या. मी मोठ्या, भपकेबाज डागांवर भाळायचो. त्यांचा ओढा कडेच्या, नुकत्याच उगवलेल्या डागांकडे. "लग्नाला गेलास तर तू नवरी सोडून बँडच बघशील!" हे तर ठरलेलं.

आजारपणात त्या दमदमला भावाकडे होत्या. एकदा मी मोठा डाग निवडला आणि दुसऱ्या दिवशी कडेचा लहानगाच उसळला. क्वचितच दिसावा असा स्फोट, आणि आमची दुर्बीण भलतीकडे. त्याच संध्याकाळी मी ताईंना भेटायला गेलो. बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

"कुठला घेतला होतास?"

"कडेचा," मी म्हणालो. "सगळं टिपलं, ताई."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटले. आजारी माणसाला समाधान देऊन आलो, अशा थाटात मी घरी परतलो. तीच शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या भावानं, श्रीधरदादांनी, उशाजवळची एक वही माझ्या हाती दिली. आमची रोजची निवड मेलनं ताईंनाही जात होती, हे मी साफ विसरलो होतो. तो मेल यायच्या आधी त्या अंथरुणातूनच सूर्याचं चित्र बघून आपली निवड लिहून ठेवत. मी त्या दिवसाचं पान शोधलं. थरथरत्या अक्षरात, शाईनं लिहिलं होतं, "मोठा. चुंबकीय गुंता वाढतोय, फुटेल." आणि खाली, "पोरानंही मोठाच घेतला."

म्हणजे त्याही माझ्याबरोबरच चुकल्या होत्या. माझी निवड ठाऊक असूनही मुद्दाम विचारलं, ते म्हणूनच. खरं सांगितलं असतं, तर त्या संध्याकाळी आम्ही दोघं मिळून हळहळलो असतो, कदाचित हसलोही असतो. मी त्यांना एकटीलाच चुकू दिलं.