उघडा पंजा

कुणी काही करून दाखवायला लागलं की माझी नजर आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे जाते. स्वभावच तसा, आणि थोडा धंद्याचाही दोष. सुरतेत गोडादऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मी मिस्त्री आहे. लूम बंद पडला की कारीगर सांगतो, आपोआप पडला. आपोआप काही बंद पडत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे. त्यामुळे देवाधर्मातही मी मागे उभा राहणारा. आमच्या खानदेशातली कानबाई दर श्रावणात इथे सुरतेतही आमच्या घरात बसते. पण तिच्यापुढे कुणाच्या अंगात आलं की मी त्या बाईचे डोळे खरंच फिरलेत का ते बघत बसतो. बायको म्हणते, "तुम्हना इस्वास कशावरच नई." ती खोटं बोलत नाही.

माझ्या मुलीला, जयूला, लहानपणापासून दमा आहे. ती तेरा वर्षांची झाली आणि हट्ट करून सोसायटीच्या हॉलमधल्या कराटेच्या वर्गाला जायला लागली. तिथल्या सरांनी मुलांना सांगितलं होतं की बेंबीखाली जीवनशक्ती असते, श्वासाने ती तळहातात आणता येते, आणि मग समोरच्याला हात न लावता ढकलता येतं. मी ते बघायला गेलो. मुलं खरोखर पडत होती; पण सरांचा हात निघायच्या आधीच काहींचे गुडघे वाकत होते. सरांनी माझ्या छातीपुढेही तळहात धरला आणि विचारलं, "काही जाणवतंय?" मी म्हणालो, "हो, कांद्याचा वास येतोय." पोरं हसली, जयू मात्र रडवेली झाली. खरं सांगायचं तर छातीला किंचित ऊब लागली होती. पण सुरतेत उन्हाळ्यात कुठे ऊब लागत नाही? मी ते कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून घरात मी आणि जयू रोज भांडायचो. लूमच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खात्यात सगळं बोलणं हातांनी चालतं. उघडा पंजा छातीवर दोनदा मारला की 'लूम बंद कर'. जयू लहान असताना आईबरोबर माझा डबा घेऊन यायची, तेव्हाच ती ही खूण शिकली. घरी मी कुरकुर सुरू केली की ती तोंडाने काही बोलायची नाही. छातीवर दोनदा पंजा मारायची. पप्पा, आता तुमचा लूम बंद करा.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी वर्गाचं प्रात्यक्षिक होतं. निघताना तिच्या खणात दम्याचा पंप दिसला. हलवून पाहिला तर भरलेला. बायको म्हणाली, आठ दिवस तिने घेतलाच नाही, सर म्हणतात आतली शक्ती जागी झाली की पंप लागत नाही. माझं डोकं फिरलं. पंप शर्टाच्या खिशात घातला आणि ठरवलं, सगळ्यांसमोर तो त्या माणसाच्या नाकापुढे धरायचा आणि विचारायचं, ही घ्या शक्ती, कुठे आहे तुमची?

जयूची पाळी आली. सरांनी दोन हातांच्या अंतरावरून तळवा पुढे ढकलला. ती दोन पावलं मागे गेली, गुडघ्यांवर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने माझ्याकडे बघून छातीवर दोनदा पंजा मारला. मला वाटलं, भर सभेत मला गप्प करते आहे. नाटक करून पडली ती पडली, वर बापाची थट्टा! मी रागाने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, पोर लूम बंद कर म्हनी ऱ्हायनी! तिले दम लागना!" सत्तरीच्या पुढचे एक बाबा खुर्च्या बाजूला सारत पुढे धावत होते. मी वळून पाहिलं तर जयूचे ओठ निळे पडले होते. बाबांनी तिला पुढे झुकवून बसवलं आणि विचारलं, "पंप शे का कोनापान?" माझा हात खिशात गेला. पंपाचं टोपण बाबांनीच काढलं आणि तो तिच्या तोंडाला लावला. तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं.

बाबा दवाखान्याच्या दारापर्यंत आले होते. कोण, कुठले, विचारलं तर म्हणाले, "कडोदराले लूमवर शे." मी जयूकडे आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा ते नव्हते. वर्गात विचारलं, तर ते कोणत्याच मुलाचे आजोबा नव्हते. बायकोच्या मते कानबाईनेच पाठवले. माझ्या मते उन्हात फिरून दमलेला म्हातारा पंख्याखाली येऊन बसला असेल. यावर आम्ही भांडत नाही. चार दिवसांनी सर घरी आले. मान खाली घालून म्हणाले, "मला जे शिकवलं ते मी शिकवत आलो, भाऊ. ती शक्ती आहे की नाही, मला स्वतःला ठाऊक नाही." मी त्यांना चहा पाजला. जयू अजून वर्गाला जाते, पंप पिशवीत असतो, आणि सर पहिल्यांदा तेच तपासतात.

शक्ती असते का? माझा अजून विश्वास नाही. पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. मी संशयी आहे म्हणून पंप खिशात होता, हे खरं. आणि संशयी आहे म्हणूनच रोज शंभर वेळा दिसणारी खूण माझ्या पोरीने केली तेव्हा मला ती वाचता आली नाही, हेही खरं. पोर वाचली ती माझ्या हुशारीने नाही. हे मान्य करणं मला फार जड गेलं, आणि मग हलकं वाटलं. घरातल्या देव्हाऱ्यापुढे मी पहिल्यांदाच काही न तपासता डोकं टेकलं आणि रडलो.

प्रात्यक्षिकानंतरच्या रविवारी घरात कानबाई बसली. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. भाऊबंदांपलीकडचं नाव त्यात घेत नाहीत. सगळ्यांचे काढून झाल्यावर मी आणखी एक मूठ भरली. बायकोने विचारलं, "हाई कोना नावनी?"

त्या बाबांचं नाव मला कुठे माहीत होतं? मी दुसरा हात छातीवर ठेवला, उघडा पंजा, आणि गहू सुपात सोडले.