देव्हाऱ्यातली पट्टी

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कुरकुंभच्या कारखान्यात पॅकिंगला होते, दौंडला खोली करून राहायचे. सुट्टीला गावी, केंदूरला आले, तर अंगणात बाजेवर एक गोरे, म्हातारे गृहस्थ बसलेले. शिरूरहून गाडी करून आले होते, आणि ड्रायव्हरचं इंग्रजी ‘येस सर’वरच अडलं होतं. माझं फार पुढं होतं असं नाही, पण मला बघून आप्पांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या महायुद्धात आमच्या शिवारात एक बॉम्बफेकी विमान पडलं होतं. आत चौघं होते. लष्कराचे लोक आले, दोघांची प्रेतं घेऊन गेले. बाकीचे दोघं सापडलेच नाहीत. महिन्याभरानं त्यातला एक ओढ्याच्या घळीत माझ्या आज्याला दिसला. गावातली मढी उचलायचं काम तेव्हा आमच्याच लोकांच्या गळ्यात. पुन्हा पंचनामा नको म्हणून पाटलानं गुपचूप पुरायला सांगितलं. आज्यानं बांधाकडेला पुरलं. मनगटावर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली चांदीची पट्टी होती, ती आजीनं देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी ठेवली. आपल्या रानात निजलाय म्हणजे तो आपलाच, असा तिचा हिशेब. सर्वपित्रीला एक पान त्याच्यासाठीही वाढलं जायचं.

पुढं आम्ही बौद्ध झालो. आप्पा तेव्हा विशीत. देव्हाऱ्यातलं सगळं फडक्यात बांधून त्यांनी वेळ नदीच्या डोहात सोडलं. त्यात पट्टीही गेली. देव सोडल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पट्टीचं मात्र वाटलं.

पाहुण्यांचा थोरला भाऊ त्या बेपत्ता दोघांपैकी एक होता. एकाला इथं पुरलंय हे माझ्याकडून कळल्यावर, बांधाकडेला निजलेला तोच की दुसरा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भावाचं नाव त्यांनी मला दोनदा, सावकाश सांगितलं. माती न्यायला पत्र्याची लहानशी डबी आणली होती. ती डबी बघून मला राहवेना.

मी हळूच म्हणाले, “आप्पा, व्हय म्हणा. कुणाचं काय जातंय?”

“आन् त्या दुसऱ्याच्या घरच्यांचं?” आप्पा म्हणाले.

मग त्यांनी पट्टी नदीत टाकल्याचं आधी सांगून टाकलं. मी ते कसंबसं इंग्रजीत केलं. आप्पा उठले आणि पाहुण्यांसमोर उकिडवे बसले.

“दर दसऱ्याला ती पट्टी चिंचंनं मीच घासायचो. वाचाया येत न्हाई, पर हाताला ठावं हाय.”

बोटानं त्यांनी मातीत एक गळ काढला, मासे धरायचा असतो तसा. त्याच्याशेजारी दोन डोंगर काढले, एकमेकांना चिकटलेले. एक जे आणि एक एम. भावाच्या नावात ही दोन्ही अक्षरं कुठंच नव्हती, हे मलाही कळलं. आप्पांचा मला मनापासून राग आला. सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं, म्हणजे काय?

मग पाहुण्यांनी सांगितलं की ही अक्षरं त्या दुसऱ्याची. त्याची बहीण अजून आहे. दर नाताळाला ती आणि ते एकमेकांना पत्र लिहितात, आणि दोघंही शेवटी एकच विचारतात, काही कळलं का? यंदा तिला लिहिण्यासारखं काहीतरी आहे, म्हणाले.

आम्ही तिघं बांधावर गेलो. त्यांनी डबीत माती भरली, झाकण लावलं आणि खिशातलं पेन काढून वर एक गळ आणि दोन डोंगर काढले. आप्पा वाकून त्यांच्या हाताकडं बघत होते.

“व्हय,” ते म्हणाले, “आसंच व्हतं.”