सहा डोसांची रिकामी बाटली

त्या दुपारची आठवण निघाली की अजूनही माझे कान छपराकडे जातात. कौलावर झावळी पडली तरी मी दचकते. नातवंडं हसतात, "आजी, तू पोलिसात होतीस ना?" होते. कॉन्स्टेबल म्हणून लागले, फौजदार म्हणून निवृत्त झाले. पुढे दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण भीती म्हणजे काय, ते मला कर्जत-खालापूरच्या हद्दीवरच्या एका लहानशा ठाण्यात कळलं, तेही भरदुपारी. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव सांगणार नाही. त्यातली घरं अजून नांदती आहेत.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पोलिसात मुलगी ही चीजच नवी. त्यामुळे ठाण्यात मला काम नव्हतं आणि बसायला खुर्चीही नव्हती. खाकी साडीला इतक्या टाचण्या लावायचे, की माझ्याशी झटापट करणारा चोर आधी दवाखान्यात गेला असता. आणि गर्व? विचारू नका. माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की गुन्हेगार ओळखू येतो, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या गावचे पोलीस पाटील सायकल मारत आले. बोलताना धाप लागलेली.

"सायेब, लवकर चला. डाक्टरनं औषध दिलं नि मानूस मेला. लोकं दवाखाना फोडायला लागल्यात."

डॉक्टर दीड वर्षापूर्वी त्या गावात आलेले. तिशीचे, कमी बोलणारे, बौद्ध घरातले. एका खोलीचा दवाखाना, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मेलेला पस्तिशीचा शेतकरी, गावातल्या वजनदार घरातला. आदल्या संध्याकाळी त्याच्यासाठी खोकल्याचं औषध नेलं होतं. सकाळी चहाआधी त्यानं एक डोस घेतला आणि पाऊण तासात तोंडाला फेस येऊन तो गेला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईनं स्वतः बाटली आमच्यापुढे ठेवली. "हीच ती. मुडद्यानं माझा पोर खाल्ला." दवाखान्याचीच बाटली होती ती. अंगावर खाचा पाडलेली कागदी पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. पंचनामा झाला. हवालदारांनी लाख तापवून सील लावेपर्यंत बाटली माझ्या हातात होती. तिला ज्येष्ठमधाचा गोडसर वास येत होता. प्रेताजवळ मात्र भातावर मारायच्या किडीच्या औषधाचा उग्र दर्प होता. दोन्ही वास माझ्या नाकात गेले आणि तिथंच राहिले. नाक होतं, डोकं नव्हतं.

डॉक्टरांना आम्ही जमावातून अक्षरशः ओढून काढलं. सदरा फाटलेला, पायात एकच चप्पल. ठाण्यात आणून कोठडीत बसवलं. कोठडीसमोर पहाऱ्याला मी. मी वहीत लगेच नोंद केली, 'आरोपी नजर चुकवतो. खुनशी डोळे.' फौजदारसाहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "बाई, चष्मा फुटलाय त्याचा. त्याला तुम्ही दिसतच नाही."

अकराच्या पुढे माणसं ठाण्यासमोर जमू लागली. आधी दहा-वीस, मग सगळं आवार भरलं. ठाण्यात आम्ही पाच जण. मग पहिला दगड कौलावर पडला. तो आवाज वेगळाच असतो. आधी ठक्, मग कौलाचे तुकडे घरंगळल्याची खरखर, मग क्षणभर काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या क्षणात माणूस पुढच्या दगडाची वाट बघतो. दुसरा दगड, तिसरा. बाहेरून आरोळी आली, "भाईर काढा त्याला! नायतर आमी काढतो!"

डॉक्टर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. आणि मला, कबूल करते, त्यांची दया येत नव्हती. मला त्यांचीच भीती वाटत होती. ज्यानं एका माणसाला विष दिलं तो दुसऱ्याला काय करील, या विचारानं मी गजांपासून दोन हात लांब उभी होते. दोन्हीकडून घाबरलेली अशी मी वाघीण.

दुपारी सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी आली. लक्षणं विषबाधेची. साहेबांनी चौकशी सुरू केली.

"काय घातलंत औषधात?"

"मोठ्या बरणीतलं मिश्चर आहे, साहेब. काल त्याच बरणीतून सतरा जणांना दिलं. बरणी आणा, मी तुमच्यासमोर पितो."

"आणि मेलात म्हणजे? तो पंचनामा कोणी करायचा?"

बाहेर दगड पडतच होते. तरी डॉक्टरांनी विचारलं, "साहेब, त्यांनी डोस किती घेतले?"

"एक."

"मी सहा दिले होते. बाटलीत किती उरले?"

साहेब माझ्याकडे वळले. बाटली मीच धरली होती. मी म्हणाले, "काही नाही. रिकामी होती. कोरडी."

"मग पाच डोस गेले कुठं?" डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. आणि तेव्हा कुठं माझ्या नाकातले ते दोन वास एकमेकांना भेटले. बाटलीला किडीच्या औषधाचा वास नव्हता, हे मी साहेबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "सकाळपासून कुठं झोपला होतात?" मग म्हणाले, "त्या घरात बायका आहेत. पुरुषांना त्या सांगायच्या नाहीत. मागच्या दारानं निघा. उद्या दुपारपर्यंत याला कोर्टात न्यायचंय, आणि तोवर हा जिवंत राहतो की नाही तेही मला सांगता येत नाही."

मी बांधाबांधानं त्या घरी गेले. पुरुष सगळे ठाण्यावर. माजघरात मेलेल्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे सुजलेले, पण ती मला पाहून जी दचकली ते दुःखाचं दचकणं नव्हतं. तेवढं मला त्या वयातही कळलं.

"औषध ठेवलं होतं कुठं?"

तिनं पडवीकडे बघितलं.

"आत कोनाड्यात होतं का?"

"त्यांची बाटली आत येत नाय आमच्यात," ती पुटपुटली.

हे वाक्य साहेबांना कळलं नसतं. हवालदारांनाही नाही. मला एका क्षणात कळलं, कारण आमच्या घरीही खिडकीत एक वेगळा कप होता. माझी आई तो कधी घासून आतल्या कपांत ठेवत नसे. मी पोलीस झाले, कायद्याची परीक्षा दिली, आणि तो कप खिडकीतच होता. माझ्या ते कधी मनातही आलं नव्हतं.

"मग औषध घेता कसं?"

"बाटली पडवीच्या पायरीवर ठेवायची. आई घरातली बाटली आनत्यात, नि वरनं ओतून घेत्यात. त्यांची तशीच परत."

"काल घरातली कुठली बाटली घेतली?"

माझा हात तिनं इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "बाई, मला फाशी देतील. मीच इसळली होती ती. किडीचं औषध सपल्यावर वढ्याला नेऊन इसळली नि वळचणीला खोवली. आईला वास येत नाय आताशा. त्यांनी काल तीच वढली. सकाळी ह्यांच्या तोंडाला वास आला तवा मला कळलं. मी उकिरड्यात पुरली."

उकिरडा आम्ही दोघींनी हातांनीच उकरला. बाटली निघाली. आत तांबूस औषध होतं, आणि तळाशी पांढरट साका. पाच डोस तरी नक्की.

मागं वळले तर म्हातारी दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. ती पायऱ्या उतरली, शेणानं भरलेल्या बाटलीकडे वाकून बघितलं.

"ही नाय," ती म्हणाली. "ही नव्हती. दुसरी होती." सुनेकडे बघितलं. "सांग गं तिला, दुसरी होती."

सुनेनं तोंडाला पदर लावला. म्हातारी हळूहळू खाली बसली. मी तिचा जबाब घ्यायला वही काढली आणि एक अक्षर लिहू शकले नाही. मला आजवर कोणत्याही आरोपीसमोर एवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या बसलेल्या बाईसमोर वाटली. तिच्या घशातून आवाज येईना, आणि तो आला तर काय होईल याची ती भीती होती.

शेवटी तीच उठली. माझ्या पाठोपाठ ठाण्यापर्यंत चालत आली. आवारात शिरल्यावर जमावाचे हात आखडले. तिच्या पुतण्यानं विचारलं, "काकू, तू हितं कशाला?"

"घरी चला," ती म्हणाली.

"अगं पन त्या डाक्टरनं..."

"घरी चला म्हनते ना रं! माझ्या हातानं झालं."

पुढे रासायनिक तपासणीचा अहवाल आला, त्यात तेच निघालं. नोंद अपघाती मृत्यूची झाली. पण तो कागदाचा भाग. आवार तर त्याच दुपारी रिकामं झालं.

साहेबांनी कोठडी उघडली. "सुटलात. या बाहेर."

डॉक्टर उठले नाहीत. "बाहेर किती आहेत?"

"कोणी नाही."

"मघाशीही दगडांच्या मध्ये असंच शांत व्हायचं, साहेब."

साहेबांनी दोनदा सांगितलं, हवालदारांनी सांगितलं. मी पुढचं दार सताड उघडून मोकळं आवार दाखवलं. ते चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत राहिले. बाहेर खरंच कोणी नव्हतं. आणि माफी मागायलाही कोणी थांबलं नव्हतं.

त्या महिन्यातच दवाखाना बंद झाला. नंतर कित्येक वर्षं त्या गावची माणसं तापलेलं पोर खांद्यावर घेऊन कर्जतपर्यंत चालत जायची.

नोकरीत मी पुढे शेकडो जबाब घेतले. माणसं खोटं बोलतात म्हणून तपास अडतो, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. त्या घरात आमच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. जे रोज करतात ते सांगायचं असतं, हेच त्यांना सुचलं नव्हतं. आणि मीही त्यांच्यातलीच होते, म्हणून सकाळी विचारायचं मला सुचलं नाही, आणि दुपारी कळलं तेही त्यामुळेच. या शोधाबद्दल मला पुढे शाबासकी मिळाली. ती कुठं ठेवावी, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

त्या दिवशी डॉक्टर तिन्हीसांजेला उठले आणि मला म्हणाले, "बाई, दुसरी वाट आहे का?" पुढचं दार उघडंच होतं. निर्दोष सुटलेला माणूस ठाण्याच्या मागच्या दारानं, एका पायात चप्पल घालून, भिंत चाचपत बाहेर पडला. दार मी धरलं होतं.